पावसाळ्यातही फ्रिज चालला पाहिजे: छोट्या कॅम्पर गाडीच्या सोलर आणि बॅटरीचा हिशेब

गाडीचं कॅम्पर करायला घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: "छतावर किती वॉटचं पॅनेल बसवू?" मी त्याला उलट विचारतो. रात्री पंखा किती तास लागतो? फ्रिज आहे का? जुलैत घाटात मुक्काम करणार का? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की पॅनेलचा आकडा आपोआप समोर येतो. ती न विचारता घेतलेलं सामान मार्चमध्ये झकास चालतं आणि आषाढात दगा देतं.

आमची गाडी पाच सीटची मारुती ईको आहे. मागची सीट दुमडून त्यावर काढता-घालता येणारा फळ्यांचा पलंग आहे, आणि फिरणारी माणसं दोन, आई आणि मी. आईला इन्सुलिन लागतं. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान हवं, त्यामुळे आमच्याकडे फ्रिज ही चैन नाही. खालचा सगळा हिशेब त्या फ्रिजभोवती मांडला आहे. तुमची गाडी वेगळी असेल, गरजा वेगळ्या असतील, तेव्हा आकडे बदला. पद्धत हीच राहू द्या.

आधी वापर मोजा

वॉट म्हणजे एखादी वस्तू एका क्षणी किती वीज ओढते ते. वॉट गुणिले तास केलं की वॉट-तास मिळतात. महावितरणच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास. कॅम्परमध्ये अख्ख्या दिवसाला साधारण एवढंच, किंवा याहून कमी वापरायचं असतं, हे एकदा मनात बसलं की पुढचं सोपं जातं.

आमच्या एका दिवसाचा वापर असा:

एलईडी दिवे ३, प्रत्येकी ४ वॉट, ४ तास: ४८ वॉट-तास
१२ व्होल्टचा पंखा, १५ वॉट, ९ तास: १३५
दोन फोन: ५०
लॅपटॉप, एक चार्ज आणि थोडं वर: ७५
पाण्याचा छोटा पंप, ६० वॉट, १० मिनिटं: १०
कॉम्प्रेसरचा फ्रिज: ४३२

बेरीज ७५०. तारांत, कन्व्हर्टरमध्ये जाणाऱ्या विजेसाठी वर दहा टक्के धरले की ८२५ वॉट-तास.

फ्रिजचा आकडा बघा. निम्म्याहून जास्त वीज तो एकटा खातो. फ्रिजवर ४५ वॉट लिहिलेलं असतं, पण कॉम्प्रेसर सतत चालत नाही. थंड झाला की थांबतो. आमच्याकडे उन्हाळ्यात तो साधारण ४० टक्के वेळ चालतो, म्हणून ४५ × २४ × ०.४. हा ४० टक्क्यांचा आकडा छापील माहितीवरून घेऊ नका. १२ व्होल्टच्या तारेत बसणारा छोटा डीसी वॉटमीटर आणा, फ्रिजमध्ये नेहमीचं सामान भरा, घरातल्या सर्वांत गरम खोलीत २४ तास चालू ठेवा आणि मीटरवरचे वॉट-तास वहीत लिहा. मेमधला तो एक दिवस तुम्हाला कुठल्याही दुकानदारापेक्षा जास्त सांगेल. रात्री कोमट दूध आत ठेवलं, झाकण चार वेळा जास्त उघडलं, तर आकडा किती वर सरकतो तेही दिसेल.

याच यादीतून इन्व्हर्टर मी मुद्दाम बाहेर ठेवला आहे. इन्व्हर्टरला काहीही जोडलेलं नसलं तरी तो स्वतःसाठी ८ ते १५ वॉट ओढत राहतो. दहा धरले तरी दिवसाचे २४० वॉट-तास झाले, म्हणजे आमच्या फ्रिजच्या निम्म्याहून अधिक. म्हणून लॅपटॉप आणि फोन दोन्ही १२ व्होल्टवर चालणाऱ्या टाइप-सी चार्जरवर घ्या, पंखा १२ व्होल्टचाच घ्या, आणि इन्व्हर्टर लागलाच तर ३०० वॉटचा, प्युअर साइन वेव्ह, काम झालं की बटणाने बंद करायचा. इंडक्शन शेगडीचा विचार या आकाराच्या गाडीत सोडून द्या. २००० वॉटवर वीस मिनिटं म्हणजे जवळपास ६७० वॉट-तास, आमच्या दिवसाच्या वापरातला मोठा वाटा एका भाजीत संपतो. आम्ही गॅसवरच रांधतो.

बॅटरी: किती आणि कोणती

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी गाडीत टाकण्याचा मोह होतो, कारण ती घरात असतेच. ती जड असते, चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि तिची निम्मीच क्षमता वापरली तर टिकते. ज्या बंद डब्यात माणसं झोपतात त्यात ती नको. लिथियम फेरो फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, हाच सरळ पर्याय आहे. ३.२ व्होल्टचे चार सेल मिळून १२.८ व्होल्ट होतात. १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत १२.८ × १०० = १२८० वॉट-तास मावतात आणि वजन साधारण ११-१२ किलो. यातली ८५ टक्के वीज निर्धास्त वापरता येते, म्हणजे १०८८.

आता आमचा ८२५ चा दिवस या बॅटरीवर चालवून पाहू. संध्याकाळी सहाला बॅटरी पूर्ण भरलेली. तेव्हापासून सकाळी आठपर्यंत दिवे, पंखा, फोन, लॅपटॉप आणि १४ तासांचा फ्रिज मिळून ५६०, गळती धरून ६१५. सकाळी उरले ४७३. दिवसभर फ्रिज आणि पंप चालून आणखी २१० जातील. ऊन असेल तर पॅनेल हे सगळं भरून काढेल आणि संध्याकाळी बॅटरी पुन्हा तुडुंब. मळभ असेल तर? ते पुढे पाहू, पण एवढं आत्ताच दिसतं की ऊन अजिबात नसताना १०० अँपिअर-तासाची बॅटरी एक रात्र आणि एक दिवस ओढते, दुसऱ्या रात्रीच्या मध्यावर संपते. फ्रिजवर औषध असेल तर मी १५० घ्यायला सांगेन. फ्रिज नसेल तर ५० पुरते.

घेताना तीन गोष्टी पाहा. आत बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारं आणि धोका दिसला की ती बंद करणारं सर्किट) असावा आणि तो सतत किती अँपिअर देऊ शकतो ते लिहिलेलं असावं. सेल सुटे घेऊन जोडलेली स्वस्त बॅटरी असेल तर एकदा पूर्ण भरून, वॉटमीटर लावून रिकामी करून क्षमता तपासा. १०० लिहिलेली बॅटरी ७० भरते की ९८ ते तेव्हाच कळतं. आणि इलेक्ट्रिक स्कूटरमधून काढलेले पॅक टाळा. त्यांची रसायनं आणि व्होल्टेज बऱ्याचदा वेगळी असतात, बारा व्होल्टच्या या मांडणीत ती बसत नाहीत.

एलएफपीमध्ये किती वीज उरली हे व्होल्टेजवरून कळत नाही. भरपूर भरलेली असो वा तिसरा हिस्सा उरलेली, मीटर १३ च्या आसपासच घुटमळतो आणि शेवटी एकदम कोसळतो. म्हणून शंट (बॅटरीच्या तारेत बसणारा, करंट मोजणारा तुकडा) असलेला बॅटरी मॉनिटर बसवा. तो आत गेलेले आणि बाहेर पडलेले अँपिअर मोजून टक्के दाखवतो. या सगळ्या मांडणीत मला रोज सर्वांत उपयोगी पडणारी वस्तू तीच आहे.

ऊन किती मिळतं

महाराष्ट्रात वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला साधारण पाच ते साडेपाच तासांचं 'पूर्ण ऊन' मिळतं. सूर्य बारा तास असतो, पण सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन एकत्र करून भर दुपारच्या उन्हात मोजलं की एवढे तास भरतात. सरासरीवर मात्र गाडी चालत नाही. पुण्याकडे एप्रिलमध्ये हा आकडा साडेसहाच्या आसपास जातो, डिसेंबरमध्ये सपाट पॅनेलवर साडेचारच्या आसपास येतो, आणि जुलैत घाटमाथ्यावर ढग उतरले की दोन तास मिळाले तरी पुष्कळ.

कॅम्परचं पॅनेल छतावर आडवं असतं, घरासारखं दक्षिणेकडे कललेलं नसतं. उन्हाळ्यात त्याने काही बिघडत नाही. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावली दिवस येतो, तेव्हा दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि आडव्या पॅनेलला त्याहून चांगलं काही नको. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीसुद्धा क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, त्यामुळे आडव्या पॅनेलला पाऊण हिस्साच ऊन लागतं.

पॅनेलवर लिहिलेले वॉट हे पॅनेलचं तापमान २५ अंश सेल्सिअस असतानाचे. छतावर उन्हात त्याची काच ६० अंशांच्या वर जाते आणि प्रत्येक अंशामागे साधारण ०.३५ ते ०.४ टक्के वीज घटते. फक्त उष्णतेनेच १५ टक्के गेले. त्यात धूळ, पक्ष्यांची विष्ठा, तारा, कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला हवी तशी करून देणारा डबा) धरले की हातात ७० टक्के येतात. म्हणून सूत्र असं:

पॅनेलचे वॉट = दिवसाचे वॉट-तास ÷ (पूर्ण उन्हाचे तास × ०.७)

एप्रिल: ८२५ ÷ (६.५ × ०.७) = १८१ वॉट
डिसेंबर: ८२५ ÷ (४.५ × ०.७) = २६२ वॉट
घाटातला जुलै: ८२५ ÷ (२ × ०.७) = ५८९ वॉट

५८९ वॉट ईकोच्या छतावर मावत नाहीत, आणि मावले तरी मी बसवणार नाही. हिवाळ्याला पुरेल एवढं पॅनेल बसवा, पावसाळ्याची सोय इंजिनकडून करा. माझा या विषयातला सगळा अनुभव या एका वाक्यात आहे.

आम्ही १०० वॉटची तीन पॅनेलं घेतली, मिळून ३००. एकच मोठं पॅनेल स्वस्त पडतं, पण घरांच्या छतावरचं पाचशेच्या पुढचं पॅनेल सव्वादोन मीटरहून लांब आणि २५ किलोच्या पुढे असतं. खरेदीआधी मी जुने पेपर चिकटवून पॅनेलच्या मापाचे तीन कागद कापले आणि छतावर मांडले. एक मीटर बाय ६७ सेंटिमीटरचे तीन कागद आडवे, एकापाठी एक, दोन मीटरमध्ये बसले आणि दोन्ही कडांना फ्रेमचे पाय टेकायला जागा राहिली. तुम्हीही हे करा. नुसतं बघितलेलं छत आणि पेपर मांडलेलं छत यात फार फरक असतो.

पॅनेल छताला थेट चिकटवू नका. खाली चार-पाच सेंटिमीटर हवा खेळू द्या, पॅनेल थंड राहतं. गाडीच्या आतही फरक जाणवतो, कारण छतावर सावली पडते.

कंट्रोलर आणि जोडणी

स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलचे १८ व्होल्ट बॅटरीच्या १३ वर ओढून आणतो आणि मधला फरक वाया जातो. एमपीपीटी तो फरक अँपिअरमध्ये बदलतो. छतावर जागा मोजकी आहे, तेव्हा एमपीपीटीच घ्या.

तीन पॅनेलं सिरीजमध्ये जोडायची की पॅरलल? पॅरललमध्ये व्होल्टेज १८ च राहतं, आणि तापलेल्या पॅनेलला ते साडेपंधरावर उतरतं. बॅटरी भरत आली की तिला १४.२ च्या वर हवे असतात, त्यामुळे कंट्रोलरला खेळायला जागाच उरत नाही. मी सिरीज केली. एका पॅनेलचं खुलं, म्हणजे काही न जोडता मोजलेलं, व्होल्टेज २२, तिघांचं ६६. झाडाची सावली एकावर पडली तर त्यातले बायपास डायोड त्याला वळसा घालून बाकीच्या दोघांची वीज जाऊ देतात. कंट्रोलरची व्होल्टेज मर्यादा मात्र ७५ ची घेऊ नका. थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं. लडाख-स्पितीत पहाटे उणे दहा असताना हेच ६६ चे ७३ होतात. १०० व्होल्ट, ३० अँपिअरचा कंट्रोलर निवांत चालतो. (तिकडे जाणार असाल तर आणखी एक: शून्याखाली एलएफपी बॅटरी चार्ज करायची नसते. बीएमएसमध्ये त्याचा कटऑफ आहे का ते आधी विचारा.)

गाडी चालताना चार्जिंग

आता मळभाच्या दिवसाकडे परत येतो. सकाळी ४७३ उरले होते. दिवसाचा खर्च २१०. ढगाळ दिवशी ३०० वॉटचं पॅनेल दोन तासांच्या उन्हाएवढं, ४२० देईल. संध्याकाळी ६८३. दुसरी रात्र ६१५ ची. म्हणजे तिसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी तळाला आणि बाहेर पाऊस कोसळतोय.

इथे डीसी-डीसी चार्जर लागतो. इंजिन चालू असताना तो अल्टरनेटरची (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या भागाची) वीज घेऊन कॅम्परच्या बॅटरीला हवी तशी देतो. २० अँपिअरचा चार्जर तासाला सुमारे २६५ वॉट-तास भरतो. दोन तासांच्या प्रवासात ५३०, म्हणजे जवळजवळ एक अख्खी रात्र. पावसाळ्यात आपण एका जागी सहसा दोन रात्रींपेक्षा जास्त राहत नाही, पुढच्या गावाला निघतोच. त्या निघण्यातच बॅटरी भरते.

लिथियम बॅटरी अल्टरनेटरला थेट जोडू नका. ती मिळेल तेवढा करंट ओढते. घाटात ट्रॅफिकमध्ये गाडी उभी राहिली की इंजिनचे फेरे कमी, अल्टरनेटरचा पंखा मंद, आणि ओढ मात्र पूर्ण, अल्टरनेटर जळतो. चार्जरचे अँपिअर अल्टरनेटरच्या क्षमतेच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत ठेवा, आणि इग्निशनची तार जोडून घ्या, म्हणजे किल्ली काढली की चार्जर आपोआप बंद होईल आणि सकाळी गाडी स्टार्ट होईल.

तारेची जाडी

हे मला भंडारदऱ्याला कळलं. जूनमध्ये काजवे पाहायला शेंडीजवळ मुक्काम होता. रात्री दोनच्या सुमारास आईनेच उठवलं, "फ्रिज टिकटिक करतोय." कॉम्प्रेसर सुरू व्हायचा, एक टिक, बंद. अर्ध्या मिनिटाने पुन्हा. आतलं तापमान ११ वर गेलं होतं. मॉनिटरवर बॅटरी ६४ टक्के. बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावला, १३.१. फ्रिजच्या प्लगला लावला आणि टिक होण्याची वाट पाहिली: ११.२. फ्रिजचं बॅटरी-संरक्षण तेवढ्यावर बंद करतं. बॅटरी ठणठणीत होती, वीज तारेत मरत होती. वायरिंग करून देणाऱ्याने स्पीकरची ०.७५ चौरस मिलिमीटरची तार वापरली होती आणि मी ती तपासली नव्हती. त्या रात्री फ्रिज उचलून बॅटरीशेजारी आणला, अर्ध्या मीटरच्या जाड तारेने जोडला आणि तो चालू झाला. इन्सुलिन वाचलं.

तारेतली घट अशी काढा:

घट = अँपिअर × जाण्या-येण्याची एकूण लांबी मीटरमध्ये × ०.०१७५ ÷ तारेचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये

आमच्याकडे बॅटरी ते फ्रिज पाच मीटर, जाऊन-येऊन दहा. सुरू होताना फ्रिज ८ अँपिअर ओढतो: ८ × १० × ०.०१७५ ÷ ०.७५ = १.८७ व्होल्ट. मीटरने दाखवलेला फरक हाच. तीच तार ४ चौरस मिलिमीटरची केली की घट ०.३५ वर येते. आता ती आहे, आणि सिगारेट लायटरच्या सैल सॉकेटऐवजी अँडरसन प्लग आहे. घट तीन टक्क्यांच्या आत, म्हणजे ०.४ व्होल्टच्या आत राहील अशी प्रत्येक तार निवडा. तांब्याचीच, बारीक धाग्यांची लवचीक तार घ्या. घरातली जाड एकसंध तार गाडीच्या हादऱ्यांनी तुटते. तारेच्या टोकाला बसणारे लग क्रिम्पिंग टूलनेच दाबा, पकडीने नव्हे.

फ्यूज

बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात मुख्य फ्यूज. त्याच्याशिवाय एकही तार जोडू नका, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. एलएफपी बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते आणि माणसं पलंगावर, तिच्या वरच झोपलेली असतात. आमच्याकडे १६ चौरस मिलिमीटरची मुख्य तार आणि ६० अँपिअरचा फ्यूज आहे. फ्रिजच्या तारेला १५, पंखा-दिव्यांना ५. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो, तेव्हा तो तारेच्या क्षमतेहून मोठा कधीच नसावा. डीसी-डीसीच्या तारेला दोन्ही टोकांना फ्यूज लागतो, कारण तिच्या दोन्ही बाजूंना बॅटरी आहे. पॅनेलच्या तारेत डीसीसाठीचाच एमसीबी बसवा. घरातला एसीचा एमसीबी ६६ व्होल्ट डीसीची ठिणगी तोडू शकेल याची खात्री नसते. भर उन्हात पॅनेलच्या तारांचे एमसी-फोर जोड ओढून काढू नका, आधी एमसीबी पाडा.

बॅटरी कुठे ठेवायची? ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा सोयीची वाटली तरी गरम असते. आमची मागच्या दाराजवळ, जमिनीला बोल्ट केलेल्या पट्ट्यांनी आवळलेली आहे. घरी महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर बॅटरी निम्मी भरलेली ठेवा आणि मुख्य स्विच बंद करा.

छताची फ्रेम आणि सीटमधले बदल याबाबत काम सुरू करण्याआधीच आरटीओत विचारून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांची अट आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

सगळं जोडून झालं की लगेच लांबच्या प्रवासाला निघू नका. गाडी इमारतीखाली नाही, उघड्यावर लावा, फ्रिज भरा, पंखा-दिवे रोजच्यासारखे वापरा आणि तीन दिवस, तीन रात्री मॉनिटरचे टक्के सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला लिहा. दुसऱ्या दिवशी पॅनेलवर जाड चादर टाकून मळभ करा. तिसऱ्या सकाळी इंजिन अर्धा तास चालवून डीसी-डीसी किती अँपिअर देतो ते बघा, आणि फ्रिज सुरू होत असताना त्याच्या प्लगवर मल्टिमीटर धरा. १२.५ च्या वर दिसलं पाहिजे.